वडीलधाऱ्यांची औषधे आणि घरच्यांचे लक्ष

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात ज्येष्ठांच्या बैठकीत केलेले भाषण)



संमेलनातील भाषण म्हटले म्हणजे ज्ञातीचा पूर्वेतिहास, गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक आणि वधूवरसूचक मंडळाचा अहवाल यांची आपणांस सवय आहे. यंदा कार्यवाहांनी मजकडे निराळाच विषय सोपविला. वृद्ध माणसांना, विशेषतः हृदयविकाराबरोबरच मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी असे चारदोन जुने विकार ज्यांच्या मागे लागले आहेत अशांना जी औषधे दिली जातात, त्यांतील काही त्यांना मानवणारी नसतात; याविषयी बोलावे अशी त्यांची सूचना. मी पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारा जन्म शाळेत गणित व मराठी शिकविण्यात घालविलेला मनुष्य. वैद्यकाशी माझा संबंध रोग्याचा आणि रोग्याच्या नातेवाइकाचा, एवढाच. ही शंका मी बोलून दाखविली तेव्हा कार्यवाह म्हणाले, "गुरुजी, डॉक्टर बोलले तर लोक नुसते ऐकतील, तुम्ही बोललात तर प्रश्न विचारतील." यावर मला नाही म्हणवेना.

पुढे जे सांगणार आहे ते मी वाचून जमविले आहे आणि वैद्यकीय व्यवसायात असलेल्या दोन ज्ञातिबंधूंकडून तपासून घेतले आहे. परंतु प्रारंभीच एक विनंती. माझे भाषण ऐकून घरी गेल्यावर कोणीही आपली एकही गोळी स्वतःच्या मताने बंद करू नये. हृदयविकारावरील काही गोळ्या एकाएकी सोडल्या तर छातीतले दुखणे उसळते. रक्तवाहिनीत स्टेंट बसविलेल्या माणसाने रक्त पातळ ठेवणारी गोळी मनाने सोडली तर ती वाहिनी पुन्हा बंद होण्याचे भय असते. मी सांगणार आहे ते विचारण्यासाठी आहे, सोडण्यासाठी नाही.

आता एका घरची हकीकत सांगतो. नावगाव सांगण्याचे प्रयोजन नाही. अठ्याहत्तर वर्षांच्या एक बाई. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, त्यामुळे हृदय अशक्त झालेले, मधुमेह जुना, गुडघे तर आपल्याकडे साठीनंतर कोणाचे धड असतात? मुलगा पुण्यास नोकरीला, मुलगी परदेशी. बाईंच्या उशाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि त्यात गोळ्यांच्या पट्ट्या. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेल्या पाच, साखरेच्या डॉक्टरांनी दिलेल्या दोन, हाडांच्या डॉक्टरांच्या दोन, गावातल्या डॉक्टरांनी दिलेली ॲसिडिटीची एक आणि झोपेची एक. एकूण अकरा. मुलगा रोज रात्री न चुकता दूरध्वनी करी आणि विचारी, "आई, गोळ्या घेतल्यास ना?" बाई म्हणत, "घेतल्या." दोघांचेही कर्तव्य पुरे होई. पावसाळ्याच्या सुमारास बाईंचे पाय सुजू लागले, चार पावले चालले तरी दम लागू लागला, आणि एके रात्री त्यांना रुग्णालयात हलवावे लागले. तेथील एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मुलाला सांगितले, "घरी जाऊन तो डबा जसाच्या तसा घेऊन या." डबा आला. पट्ट्या मेजावर पसरल्या. तेव्हा दिसले ते असे : रक्तदाबाच्या दोन पट्ट्यांवर नावे दोन, कंपन्या दोन, पण आतले औषध एकच, टेल्मिसार्टन, म्हणजे बाई दुप्पट मात्रा घेत होत्या. आणि गुडघ्यांसाठी दिलेली वेदनाशामक गोळी, जी दहा दिवसांपुरती लिहिलेली होती, ती दुकानातून पुनःपुन्हा आणून सात महिने चालू होती. पायांची सूज आणि दम यांत त्या गोळीचा मोठा वाटा होता.

या हकीकतीत कोणा एका डॉक्टरची चूक काढता येईल काय? मला तसे वाटत नाही. प्रत्येकाने आपल्या खात्यापुरते बरोबरच लिहिले होते. हाडांच्या डॉक्टरांना गुडघा दिसला, हृदयाच्या डॉक्टरांना हृदय दिसले. अकराही पट्ट्या एकत्र ठेवून पाहणारा मात्र कोणीच नव्हता. शाळेत एकाच वर्गाला पाच शिक्षक शिकवितात आणि प्रत्येक जण रात्रीचा अभ्यास नेमून देतो. मूल रडकुंडीला येते तेव्हा कोणा एकाचाही अभ्यास जास्त नसतो. तसाच हा प्रकार आहे.

वृद्धांच्या बाबतीत अयोग्य औषध म्हणजे विष किंवा बनावट औषध असा अर्थ नव्हे. जे औषध तरुणाला गुण देते, त्यापासून वृद्धाला होणारा लाभ थोडा आणि अपाय अधिक, आणि त्याऐवजी दुसरे बरे औषध उपलब्ध, ते अयोग्य. या प्रश्नाचा पद्धतशीर विचार अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञ डॉ. मार्क बीअर्स यांनी केला. १९९१ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रम-शुश्रूषागृहांतील रहिवाशांसाठी, शक्यतो टाळाव्यात अशा औषधांची सूची प्रसिद्ध केली. पुढे ही सूची सर्वच वृद्धांसाठी विस्तारण्यात आली. अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांची संस्था तिची वेळोवेळी सुधारणा करते आणि २०२३ साली तिची नवी आवृत्ती निघाली आहे. आयर्लंडमधील कॉर्क येथील वैद्यांनी २००८ साली दुसरी पद्धत मांडली. तिचे वैशिष्ट्य मला फार आवडले. तिच्या एका भागात कोणते औषध थांबवावे हे आहे, तर दुसऱ्या भागात, जे द्यावयास हवे पण राहून गेले आहे असे कोणते औषध सुरू करावे, हेही आहे. हृदयाचे ठोके अनियमित झालेल्या वृद्धाला रक्तात गुठळी न होऊ देणारे औषध, "आता वय झाले" म्हणून न देणे, हेही अयोग्यच. गोळ्या कमी करणे हेच ध्येय, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक नव्हते असे नाही. चरकसंहितेत रोग्याच्या ज्या दहा परीक्षा सांगितल्या आहेत त्यांत वय ही एक स्वतंत्र परीक्षा आहे. आज वय हे केसपेपरच्या कोपऱ्यात लिहिण्याचा एक आकडा झाले आहे.

आता वयाने शरीरात असे काय बदलते? पुष्कळ बदलते, परंतु मी गणिताचा शिक्षक असल्याने एकच गोष्ट आकड्यांनी दाखवितो. बहुतेक औषधे शरीराबाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे पाहण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन मोजतात. अहवालात ते १ आले, म्हणजे सर्व ठीक, असे आपण समजतो. परंतु क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होते आणि म्हाताऱ्या माणसाचे स्नायू झिजलेले असतात. म्हणून मूत्रपिंडे थकली तरी आकडा वाढलेला दिसत नाही. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी १९७६ साली यासाठी एक सोपे सूत्र दिले. १४० मधून वय वजा करा, त्याला किलोग्रॅममधील वजनाने गुणा, आणि क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागा. स्त्री असेल तर आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणा. आता तीस वर्षांचा, साठ किलो वजनाचा तरुण घ्या. क्रिएटिनिन १. उत्तर येते सुमारे ९२. दुसऱ्या बाजूला ऐंशी वर्षांची, अठ्ठेचाळीस किलो वजनाची आजी घ्या. क्रिएटिनिन तेच, १. साठ गुणिले अठ्ठेचाळीस भागिले बहात्तर म्हणजे ४०, आणि त्याचे ०.८५ पट म्हणजे ३४. अहवालातील आकडा एकच, पण आजीची मूत्रपिंडे तरुणाच्या जवळजवळ एकतृतीयांश काम करीत आहेत. तरुणाच्या मात्रेची गोळी आजीला रोज दिली तर कालची पुरती बाहेर पडण्याआधी आजची आत येते. सभेतील मुलांनी घरी गेल्यावर हे गणित आपल्या आजीआजोबांचे आकडे घालून अवश्य करावे. उत्तर पाहून घाबरू मात्र नये. ते डॉक्टरांना दाखवावे.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे डिगॉक्सिन. अशक्त हृदयासाठी आणि अनियमित ठोक्यांसाठी हे जुने औषध आहे. त्याचे मूळ डिजिटॅलिस या वनस्पतीत, आणि इंग्लंडमधील डॉ. विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली तिच्यावर ग्रंथ लिहून मात्रा अधिक झाली तर मळमळ होते, वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसू लागतात, हेही नोंदून ठेविले. या औषधाचा बराचसा भाग मूत्रपिंडांवाटे बाहेर जातो, आणि गुणकारी मात्रा व अपायकारक मात्रा यांत अंतर फार थोडे. म्हणून वृद्धांना दिवसाला ०.१२५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक देऊ नये असे बीअर्स यांच्या सूचीत आहे. डिगॉक्सिन घेणाऱ्या आजोबांची अन्नावरची वासना उडाली तर "म्हातारपण आहे, चालायचेच" असे म्हणून गप्प बसण्यात धोका आहे. घरच्यांनी त्या दिवशीच डॉक्टरांना कळवावे.

वेदनाशामक गोळ्यांविषयी थोडे विस्ताराने बोलावयास हवे. कारण आपल्या घरांतून सर्वांत अधिक अपाय यांच्यापासूनच होत असावा, असे माझे मत झाले आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक आणि त्यांची भावंडे शरीरात मीठ व पाणी साठवून ठेवतात. ज्याचे हृदय आधीच अशक्त आहे त्याच्यावर हा जादा भार पडतो : पाय सुजतात, वजन दोनचार दिवसांत वाढते, उताणे झोपवत नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांचा गुण कमी होतो. जठरात जखमा होऊन रक्त जाते, आणि सोबत ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ होण्याची दुसरी गोळी चालू असेल तर ते भय कितीतरी वाढते. आयबुप्रोफेन तर ॲस्पिरिनच्या हृदयरक्षक कामातच आडवे येते. आणखी एक तिघांची युती वैद्यांच्या परिचयाची आहे : रक्तदाबाची रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन यांसारखी गोळी, लघवीची गोळी, आणि त्यावर ही वेदनाशामक गोळी. ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडे एकाएकी काम टाकू शकतात. त्यातून जुलाब-वांत्या झाल्या किंवा उन्हाळ्यात पाणी कमी प्यायले गेले तर अधिकच. २००४ साली रोफेकॉक्सिब नावाची वेदनाशामक गोळी साऱ्या जगाच्या बाजारातून मागे घेण्यात आली. कारण दीर्घकाळ घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके वाढल्याचे सिद्ध झाले. ज्यांना हृदयविकार आहे त्यांना डायक्लोफेनॅक देऊ नये, असे युरोपातील औषधनियंत्रकांनी २०१३ साली सांगितले.

येथे विषयांतर करून गिधाडांची आठवण देतो. आपल्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या गुरांवर गिधाडांचे थवे उतरत. ती कोठे गेली? डायक्लोफेनॅक टोचलेल्या गुरांचे मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि ती लाखोंनी मेली. म्हणून २००६ साली आपल्या सरकारने हे औषध जनावरांसाठी वापरण्यास बंदी घातली. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, आणि माणसाला हे औषध थोडे दिवस, योग्य वेळी द्यावेही लागते. तथापि ज्या औषधाने आकाशातले पक्षी नाहीसे झाले, ते आपण चुन्याच्या डबीसारखे खिशात बाळगतो, हे मला विलक्षण वाटते.

मग गुडघे दुखले तर करावे काय? योग्य मात्रेत पॅरासिटामॉल, दुखऱ्या भागावर लावण्याचे मलम, शेक, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन उतरविणे, हे उपाय आधी करून पाहावेत असे डॉक्टर सांगतात. पण यांतील व्यायामाला सहा आठवडे लागतात आणि गोळीला अर्धा तास. म्हणून आपण गोळी मागतो. सूई दिली नाही, जोरदार गोळी लिहिली नाही, तर त्या डॉक्टरला काही येत नाही असे म्हणणारेही आपणच. याचे माप डॉक्टरांच्या पदरात सगळे टाकणे न्यायाचे होणार नाही.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. डॉ. पॉला रोशॉन आणि डॉ. जेरी गुरविट्झ या दोघा वृद्धरोगतज्ज्ञांनी १९९७ साली एका लेखात त्याचे स्वरूप उलगडून दाखविले. एका औषधाचा त्रास होतो. तो त्रास औषधाचा आहे हे न ओळखता नवा रोग समजून त्यावर दुसरे औषध दिले जाते. त्याचा त्रास होतो, म्हणून तिसरे. पाणी जसे एका पायरीवरून दुसरीवर कोसळते तशी ही उतरंड. आपल्याकडची दोन उदाहरणे पुरेत.

पहिले असे. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन चांगले औषध आहे. परंतु काहींच्या घोट्यांवर त्याने सूज येते. ही सूज शरीरात पाणी वाढल्याची नसते, बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्याने आलेली असते. तिच्यावर लघवीची गोळी दिली जाते. तिने सूज नीट उतरत नाहीच, उलट रात्री तीनदा उठावे लागते, पोटॅशियम-सोडियम कमी होते, अंधारात तोल जातो. मांडीचे हाड मोडले तर वृद्ध माणूस अनेकदा पुन्हा पूर्वीसारखा चालता होत नाही. घरची मंडळी म्हणतात, "न्हाणीघरात पाय घसरला." वास्तविक त्याची सुरुवात कित्येक आठवडे आधी झालेली असते, आणि ॲम्लोडिपिनची मात्रा कमी करून किंवा गोळी बदलून ती तेथेच थांबविता आली असती.

दुसरे उदाहरण चक्कर. आजोबा उठताना चक्कर येते म्हणतात. त्यांना सिनॅरिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन दिले जाते. चार दिवसांसाठी दिलेली गोळी वर्षभर चालते. पुढे आजोबांचे हात कापू लागतात, चाल आखूड होते, चेहरा निर्विकार होतो. आणि कंपवाताचे औषध सुरू होते. वस्तुतः त्या चक्करेच्या गोळ्यांनीच कंपवातासारखी लक्षणे येऊ शकतात, आणि गोळी बंद केल्यावर पुष्कळांची लक्षणे काही महिन्यांत ओसरतात. मुळातली चक्कर तरी कशाची? कित्येकदा ती उभे राहताच रक्तदाब खाली येण्याची असते, आणि तो खाली येतो रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्यांनीच. म्हणून ज्येष्ठांचा रक्तदाब बसवून एकदा आणि उभे करून एक ते तीन मिनिटांत पुन्हा मोजावा. वरचा आकडा वीसने किंवा अधिक उतरला तर डॉक्टरांना सांगावे. यासाठी खर्च काही नाही, एक खुर्ची आणि घरातले यंत्र पुरते. वृद्ध माणसात अचानक नवे लक्षण दिसले, मग ती चक्कर असो, विसराळूपणा असो, मलावरोध असो की लघवी अडकणे असो, तर "गेल्या महिन्यात कोणती नवी गोळी सुरू झाली?" हा प्रश्न आधी विचारावा, एवढे या दोन उदाहरणांतून मी शिकलो.

मधुमेहाविषयी थोडक्यात. ग्लिबेनक्लॅमाइड ही जुनी, स्वस्त गोळी साखर दीर्घकाळ उतरवीत राहते. थकलेल्या मूत्रपिंडांच्या माणसात तर आणखीच. पहाटे साखर फार खाली गेली की घाम, बेशुद्धी, हृदयावर ताण. म्हणून वृद्धांत ती टाळावी असे सूचीत आहे. पायोग्लिटाझोन शरीरात पाणी साठविते, म्हणून ज्याचे हृदय निकामी होत चालले आहे त्याला ती वर्ज्य. आपल्या केंद्रसरकारने २०१३ च्या जूनमध्ये तिची विक्री थांबविली होती आणि जुलैअखेर इशाऱ्यासह पुन्हा परवानगी दिली. ते प्रकरण मात्र मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेचे होते. उपवासाच्या दिवशी साखरेच्या गोळीचे काय करावे हे एकादशीच्या आधी विचारून ठेवावे, एकादशीला दुपारी नव्हे.

झोपेच्या गोळीने, म्हणजे अल्प्राझोलाम वगैरेंनी, वृद्ध माणूस पडतो आणि गोंधळतो. परंतु वर्षानुवर्षे घेतलेली ही गोळी एकदम सोडली तरी त्रास होतो, ती उतरत्या मात्रेनेच सोडवावी लागते. ॲसिडिटीच्या गोळीत डॉम्पेरिडोन मिसळलेले आपल्याकडे सर्रास मिळते. त्याने हृदयाची लय बिघडू शकते म्हणून २०१४ साली युरोपात हृदयरोग्यांसाठी ते निषिद्ध ठरविले गेले. ज्याला नुसती ॲसिडिटीची गोळी पुरते त्याने जोडगोळी का घ्यावी, असे विचारण्यास हरकत नाही. उलट ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही घेणाऱ्याला ॲसिडिटीची गोळी पोटाच्या रक्षणासाठी मुद्दाम दिलेली असते. तिला अनावश्यक समजून काढू नये.

ॲस्पिरिनचे प्रकरणही असेच दुहेरी आहे. शेजारी घेतो म्हणून आपणही रोज एक लहान ॲस्पिरिन घ्यावी, अशी पद्धत मध्यंतरी पडली. ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील, पूर्वी हृदयविकार न झालेल्या १९,११४ वृद्धांवर केलेल्या परीक्षेचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला : निरोगी आयुष्य वाढले नाही, रक्तस्राव मात्र वाढला. परंतु ज्यांना झटका येऊन गेला आहे, स्टेंट आहे, बायपास झाली आहे, त्यांचा हा प्रश्न नाही. त्यांची ॲस्पिरिन त्यांच्या डॉक्टरांनी हेतुपुरस्सर चालू ठेवलेली आहे. एकाच घरात आजोबांची ॲस्पिरिन आवश्यक आणि आजीची अनावश्यक असू शकते. म्हणून औषध घराण्याचे नसते, माणसाचे असते.

घरगुती उपायांकडे वळतो. येथे आपण फार निर्धास्त असतो. खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमध चघळणारे पुष्कळ आहेत. ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते. सोबत डिगॉक्सिन किंवा लघवीची गोळी असेल तर हृदयाची लय बिघडू शकते. रक्तदाबासाठी चांगले म्हणून जे कमी सोडियमचे मीठ बाजारात मिळते त्यात पोटॅशियम घातलेले असते. रामिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारल्यावाचून वापरू नये. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या-चूर्णांत सोडियम भरपूर असते; पापड-लोणचे सोडून हे घेतले तर काय साधले? सर्दीच्या साध्या गोळीत क्लोरफेनिरामिन असते. प्रोस्टेट वाढलेल्या गृहस्थाची लघवी तिने अडू शकते. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेतली तर पहिली अंगी लागत नाही; दोहोंत चार तासांचे अंतर हवे. परदेशी असलेली मुले येताना शक्तिवर्धक गोळ्यांच्या मोठाल्या बाटल्या आणतात. प्रेमाने आणतात, परंतु त्या बाटल्याही डब्यात मोजाव्यात.

आता त्या बाईंच्या डब्याकडे पुन्हा येतो, कारण नावांचा घोळ सर्व घरांत आहे. एकाच औषधाला आपल्या देशात शेकडो व्यापारी नावे आहेत. शिवाय एका गोळीत दोन-तीन औषधे घातलेली. अशा मिश्रणांपैकी ३४४ मिश्रणांवर केंद्रसरकारने २०१६ च्या मार्चमध्ये बंदी घातली. वाद न्यायालयांत गेला, आणि २०१८ च्या सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्रणे पुन्हा बंद झाली. दुकानात "तीच कंपनी नाही, दुसरी देतो" म्हणून पट्टी बदलली की आपण जुनी संपेपर्यंत दोन्ही घेतो. यावर उपाय एकच. मोठ्या अक्षरांतले व्यापारी नाव न वाचता त्याखाली बारीक अक्षरांत असलेले मूळ नाव वाचावे आणि तेच कागदावर उतरवावे. म्हाताऱ्या डोळ्यांना ते दिसत नाही, नातवंडांना दिसते.

आमच्या शाळेत हजेरीपट असे. नाव, येण्याची तारीख, आणि मूल शाळा सोडून गेले तर त्याचीही तारीख व कारण. घरोघरी औषधांचा असा एक हजेरीपट असावा, एवढीच माझी सूचना आहे. औषधाचे मूळ नाव, मात्रा, कोणत्या डॉक्टरांनी कोणत्या तारखेस दिले, कशासाठी, आणि किती दिवसांसाठी. हा शेवटचा रकाना बहुतेक घरांत कोरा राहील, आणि त्या कोऱ्या जागेतच पुष्कळसा घोटाळा दडलेला आढळेल. सोबत वजन, क्रिएटिनिन आणि पूर्वी कोणत्या औषधाने अपाय झाला ते लिहावे. कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना हा कागद आणि सगळा डबा बरोबर न्यावा. वर्षातून निदान दोनदा, आणि रुग्णालयातून घरी परतल्यावर तर आठवड्याच्या आत, एकाच डॉक्टरांसमोर तो सगळा मांडावा. ते कुटुंबाचे जुने डॉक्टर असले तर उत्तम. त्यांना विचारावे, "डॉक्टरसाहेब, यांतील आता कोणत्या लागत नाहीत? आणि काही राहून गेले आहे काय?"

असे विचारणे म्हणजे उद्धटपणा, अशी आपल्या पिढीची भावना आहे. डॉक्टरांपुढे हात जोडून बसावयाचे, ही आपली रीत. मी माझ्या दोघां डॉक्टर ज्ञातिबंधूंना स्पष्ट विचारले की असा प्रश्न तुम्हांला रुचतो काय. एक म्हणाले, गर्दीच्या वेळी नाही रुचत, पण वेळ ठरवून आलात तर आनंदाने पाहू. दुसरे म्हणाले, कागद लिहून आणलात तर आमची दहा मिनिटे वाचतात. ज्या बाईंची हकीकत सांगितली त्यांच्या अकराच्या सात गोळ्या झाल्या. एक पट्टी दुबार होती म्हणून गेली, वेदनाशामके दोन्ही गेली, झोपेची हळूहळू दोन महिन्यांत सुटली. बाई आता देवळापर्यंत चालत जातात, मध्ये एकदा कट्ट्यावर बसतात. गुडघे अजून दुखतातच.

गोळ्या कमी केल्या म्हणजे मुलाने हात आखडता घेतला, असा अर्थ काही वडीलधारी मंडळी काढतात, आणि सुनेच्या तोंडून हा विषय निघाला तर मग बोलावयासच नको. म्हणून हे काम घरात कोणी करावयाचे ते आधी ठरवावे. माझ्या मते नातवंडांकडे द्यावे. त्यांना अक्षर दिसते, गणित येते, आणि त्यांच्यावर कोणी रागावत नाही.

कार्यवाहांच्या परवानगीने हजेरीपटाचे छापील तक्ते सभागृहाच्या दाराशी ठेवले आहेत. प्रत्येक कुटुंबाने एक घ्यावा. ज्यांच्या घरी आजीआजोबा दोघेही आहेत त्यांनी दोन घ्यावेत, एकावर दोघांची नावे लिहू नयेत. दुपारी भोजनानंतर आपले दोघे डॉक्टर ज्ञातिबंधू मागच्या खोलीत चार वाजेपर्यंत बसणार आहेत. ज्यांनी डबे बरोबर आणले असतील त्यांनी रांगेने जावे, आणि ज्यांच्या मूत्रपिंडांचे गणित अडेल त्यांच्यासाठी मी दाराशीच खडूफळा घेऊन बसलेला आहे.